अडीचशे रुपयांत जेल नखं? खुर्चीत बसण्याआधी काय विचारायचं, बसल्यावर काय बघायचं

गौरी यायच्या आदल्या दिवशी डोंबिवलीची एक मुलगी दादरला उतरून थेट माझ्याकडे आली. उजव्या हाताचं मधलं बोट रुमालात गुंडाळलेलं. गाडीत चढताना दांड्याला नख अडकलं होतं आणि लांबीसाठी वरून जोडलेलं एक्सटेन्शन तुटायच्या ऐवजी तिचं स्वतःचं नख अर्ध्यापर्यंत उपटून आलं होतं. जिव्हाळी उघडी पडली होती. आधी तिला डॉक्टरांकडे पाठवलं, ड्रेसिंग करून आणलं आणि मग उरलेली नऊ नखं काढायला घेतली. ॲसिटोनमध्ये चाळीस मिनिटं ठेवूनही वरचा थर जेमतेम चिकट झाला. शेवटी फायलरने एकेक थर घासत बसले, अडीच तास गेले. खाली तिची नखं कागदासारखी पातळ झालेली, आणि प्रत्येक नखाच्या मुळाशी नखं घासायच्या विजेच्या ड्रिलने कोरलेली लाल चंद्रकोर. दहा नखांच्या सेटचे तिने चारशे रुपये दिले होते.

"पण ताई, रंग छान आला होता हो," ती म्हणाली. आला असणारच. पहिल्या दिवशी सगळीच नखं छान दिसतात, आणि कामाची प्रत त्या दिवशीच्या फोटोत कळत नाही ही या धंद्यातली मोठी अडचण आहे. मी चौदा वर्षं हे काम करते आहे. दर आठवड्याला कुणाचं तरी बिघडलेलं काम माझ्या टेबलावर येतं. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. बहुतेक भाग नखं करून घेणाऱ्यांसाठी आहे, शेवटचा करणाऱ्यांसाठी.

आधी हिशोब: एका जेल पॉलिशला किती लागतात

"तुमच्याकडे सहाशे, तिकडे अडीचशे, फरक काय?" हा प्रश्न मला रोज विचारला जातो, आणि तो रास्त आहे. उत्तर आकड्यांत देते. धरा, दादर-परळसारख्या भागात छोट्या गाळ्याचं भाडं महिना ३०,००० रुपये. महिन्याचे २६ दिवस काम, दोन खुर्च्या, एका खुर्चीवर दिवसाला पाच क्लायंट. म्हणजे भाड्यापोटी एका क्लायंटमागे साधारण ११५ रुपये. कामाला ठेवलेल्या मुलीला पगार २०,००० धरला तर तिच्या पाच क्लायंटमागे प्रत्येकी १५४. बेस, रंग, टॉप कोट, नवा फायलर आणि नख गुळगुळीत करायचा बफर, हातमोजे, वाइप्स, ॲसिटोन, फॉइल मिळून ९० तरी. वीज, एसी, टॉवेलची धुलाई, हत्यारं निर्जंतुक करायच्या पिशव्या मिळून ४०. बेरीज ३९९ होते. यात मालकिणीच्या हातात अजून एक रुपया आलेला नाही, आणि हेसुद्धा दोन्ही खुर्च्या दिवसभर भरलेल्या असतील तर.

मग अडीचशेत कसं परवडतं? पैसे चार ठिकाणांहून वाचतात: भाडं, वेळ, सफाई आणि माल. भाडं वाचलं असेल तर तुमचा फायदाच आहे. लालबागच्या चाळीत किंवा नालासोपाऱ्यात स्वतःच्या घरात टेबल मांडून अत्यंत स्वच्छ काम करणाऱ्या मुली मला माहीत आहेत. त्या साडेतीनशेतही नीट काम देतात, कारण त्यांना गाळ्याचं भाडं नाही. उलट मॉलमधल्या झगमगीत काउंटरवर दीड हजार मोजून नखुरडं घेऊन आलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. त्यामुळे नुसत्या दरावरून निकाल लावू नका. पैसे या चारांपैकी कुठून वाचले ते शोधा.

जीएसटीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून-पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर अजून १८ टक्के दिसले तर तिथेच विचारा. पार्लरच्या बाजूने मात्र मालावर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही, म्हणून सगळ्यांचे दर तेवढे उतरले नाहीत.

पहिली पायरी: फोनवर

अपॉइंटमेंट घेताना फक्त "कितीला?" विचारून फोन ठेवू नका. आधी वेळ विचारा: "जेल पॉलिशला किती वेळ लागेल?" जुनं काढायचं नसेल तर नीट कामाला पाऊण ते एक तास लागतो. एक्सटेन्शनला दीड ते अडीच. "वीस मिनिटांत होईल" असं उत्तर आलं तर वेळ कुठून वाचला ते समजा: नख नीट तयार केलं जाणार नाही, हत्यारं दोन क्लायंटच्या मध्ये धुतली जाणार नाहीत, किंवा सगळं काम ड्रिलने होईल.

मग विचारा, काढायचं काम दरात धरलं आहे का. स्वस्त दरात बहुतेक वेळा लावायचे पैसे असतात, काढायचे नसतात, आणि मग बायका घरी दाताने, पिनने, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ते उपटतात. नखांचं सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं.

तिसरा प्रश्न जेल कुठल्या कंपनीचं आणि ते पक्कं करायचा दिवाही त्याच कंपनीचा आहे का. उत्तर कळलं नाही तरी विचारा. शिकलेली मुलगी लगेच सांगते, न शिकलेली "इम्पोर्टेड आहे मॅडम" म्हणते.

मधुमेह, रक्त पातळ करायची गोळी, आधी कधी नखाभोवती खाज किंवा पुरळ, यातलं काही असेल तर ते फोनवरच सांगून टाका. ऐकून समोरची काही विचारतच नसेल तर तिथे जाऊ नका.

दुसरी पायरी: दारात पाऊल टाकताच

नाक वापरा. ॲक्रिलिकच्या, म्हणजे पावडर आणि लिक्विड मिसळून बसवलेल्या नखांच्या, प्रत्येक कामाला वास असतो, पण डोळ्यांत पाणी आणणारा, घशात बसणारा उग्र वास आला तर दोन शक्यता. एक तर हवा खेळती नाही, नाही तर लिक्विड स्वस्तातलं आहे. नखांच्या चांगल्या लिक्विडमध्ये इथाइल मेथाक्रायलेट असतं. स्वस्तात मिथाइल मेथाक्रायलेट येतं, ज्याला आम्ही एमएमए म्हणतो. एमएमए दगडासारखं कडक बसतं, ॲसिटोनला दाद देत नाही आणि धक्का लागला तर स्वतः न तुटता खालचं नख घेऊन सुटतं. डोंबिवलीच्या मुलीचं झालं ते असंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नखांच्या दुखापती आणि ॲलर्जीच्या तक्रारी आल्यावर १९७० च्या दशकातच शंभर टक्के एमएमए असलेल्या नखांच्या मालावर कारवाई केली होती. म्हणजे ही माहिती पन्नास वर्षांची जुनी आहे. माल तरी अजून फिरतो, कारण तो स्वस्त आहे.

आता बाटल्या बघा. लेबल नसलेल्या बरणीतून, साध्या डब्यातून लिक्विड ओतलं जात असेल तर उठा. भारतात २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे बाहेरून आलेल्या सौंदर्यप्रसाधनाची केंद्राकडे नोंदणी लागते आणि लेबलवर तो नोंदणी क्रमांक व आयातदाराचं नाव-पत्ता असावा लागतो. इथे बनलेल्या मालावर उत्पादकाचा परवाना क्रमांक हवा. बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं तो महिना दोन्हींवर हवा. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत चांगला माल मिळतो, मीही तिथून घेते, पण बाटली उलटी करून हे चार ओळींचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देत नाही. तुम्हीही "जरा बाटली दाखवता का?" म्हणा. त्यात कुणाचा अपमान नाही.

भिंतीवरची सर्टिफिकेटं वाचा, नुसती मोजू नका. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा रीतसर अभ्यासक्रम आहे. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे अभ्यासक्रम आहेत, आणि झुरिकच्या सिडेस्को या संस्थेचा डिप्लोमा जगभर मानला जातो. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं रंगीत प्रमाणपत्र वेगळं. गुमास्ता लावलेला असेल तर तो दुकानाचा कागद आहे. आतल्या हाताला काम येतं की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

तिसरी पायरी: हत्यारं

इथे जरा थांबते, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, आणि करणारीला बरेचदा आपण फसवतो आहोत हेही माहीत नसतं.

स्वच्छता तीन पायऱ्यांची असते. पहिली, साबण-पाणी आणि ब्रशने घासून हत्यारावरची कातडी, धूळ काढणं. दुसरी, जंतुनाशकात पूर्ण बुडवून डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं ठेवणं. तिसरी, कातडीला छेद देऊ शकणाऱ्या धातूच्या हत्यारांसाठी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालची वाफ: १२१ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटं. पहिली पायरी गाळली तर पुढच्या दोन वाया जातात, कारण मळाच्या थराखाली जंतुनाशक पोचतच नाही.

बहुतेक पार्लरमध्ये निळा दिवा असलेली एक पेटी दिसते. तिच्यावर "स्टरलायझर" लिहिलेलं असतं. तो प्रकाश फक्त समोरच्या बाजूला पडतो. निपरच्या, म्हणजे कातडी कापायच्या चिमट्याच्या, सांध्यात, दातांच्या खाचेत तो जात नाही. स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला कपाट म्हणून ती पेटी चालेल, निर्जंतुक करायला नाही. स्पिरिटचा बोळा फिरवणं म्हणजेही निर्जंतुक करणं नव्हे. हेपेटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि निपरला लागलेलं रक्त डोळ्यांना दिसावं इतकं असायची गरज नसते.

म्हणून हत्यारांची पिशवी तुमच्यासमोर फाडली जाते का ते बघा. ऑटोक्लेव्हच्या पिशवीवर एक खूण असते, वाफ लागली की तिचा रंग बदलतो. लाकडी काडी, फायलर, बफर या वस्तू धुता येत नाहीत. त्या एका माणसाच्याच असाव्यात. फायलरच्या खाचांत पांढरी पूड दिसली तर ती आधीच्या बाईची आहे. मी फायलर आणि बफर क्लायंटच्या नावाच्या पाकिटात घालून ठेवते किंवा तिलाच घरी देते. कुठे शंका वाटली तर वीस-तीस रुपयांचा स्वतःचा फायलर पर्समधून काढा. घरी येऊन काम करणाऱ्या मुलीलाही हाच नियम लावा. ती सकाळपासून चार घरं करून आलेली असते.

चौथी पायरी: खुर्चीत बसल्यावर

काम सुरू होण्याआधी दोघींचे हात धुतले जायला हवेत, तुमचेही आणि तिचेही. तिथून पुढे तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

क्युटिकल. नखावर चिकटलेला मेलेल्या कातडीचा पापुद्रा काढायचा असतो. त्यामागची जिवंत कड कापायची नसते. ती कड म्हणजे नखाच्या मुळाची चौकट, पाणी आणि जंतू तिथून आत जाऊ नयेत म्हणून. ती कापली की दोन दिवसांनी बोट ठणकायला लागतं, लाल होतं, पू धरतो. आपल्याकडे ज्याला नखुरडं म्हणतात ते अनेकदा पार्लरच्या निपरने दिलेलं असतं. "सगळं साफ काढा हं" असं आपणच सांगतो, तेही थांबवायला हवं.

ड्रिल. योग्य हातात ड्रिल उत्तम हत्यार आहे, पण ते लावलेल्या मटेरियलवर चालवायचं असतं, तुमच्या स्वतःच्या नखावर जोर देऊन नाही. गरम लागलं, चरचरलं की हात मागे घ्या. "थोडं लागतंच" हे वाक्य खोटं आहे. नखाच्या कामात दुखायला नको. मुळाशी लाल वळ उठला म्हणजे नख तिथे खोदलं गेलं, आणि तो खड्डा नखाबरोबर पुढे सरकत टोकापर्यंत यायला महिने लागतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सहा महिने. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष.

जेल आणि दिवा. हे नीट समजून घ्या. जेल वाळत नाही, ते प्रकाशाने पक्कं होतं. त्याला ठरावीक प्रकाश ठरावीक वेळ लागतो. दिवा जेलशी जुळणारा नसेल, बल्ब जुने झाले असतील किंवा थर जाड असेल तर नख वरून कडक लागतं आणि आत कच्चं राहतं, मोठ्या आचेवर भाजलेल्या भाकरीसारखं. खोक्यावरचे ४८ वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. नखापर्यंत किती प्रकाश पोचतो ते त्यावरून कळत नाही. अंगठे दिव्यात आडवे पडतात, म्हणून ते वेगळे आत घातले पाहिजेत. चारही बोटांबरोबर अंगठा उरकणारी घाईत आहे असं समजा. पातळ थर, पुरेसा वेळ, आणि नखाच्या कडेच्या कातडीवर जेल सांडलं तर दिव्याखाली जायच्या आधी ते पुसलं जायला हवं.

कच्चं जेल कातडीला लागत राहिलं की ॲलर्जी होऊ शकते, आणि ही ॲलर्जी आली की जात नाही. हे मी स्वतःवरून लिहिते आहे. २०१९ मध्ये माझ्या उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला चिरा पडू लागल्या. कणीक मळताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मी पावसाळा, भांड्यांचा साबण, सगळ्यांना दोष दिला. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या आणि दोन दिवसांनी काढल्यावर एका चौकोनात लाल फोड उठलेले होते: हेमा. हेमा म्हणजे हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रायलेट, बऱ्याच जेलमध्ये असतं. शिकताना कुणी हातमोजे घालायला सांगितलं नव्हतं, आणि कडेचं जेल मी बोटाने पुसत होते. डॉक्टर म्हणाले, दातांच्या डॉक्टरांना आणि पुढे कधी सांधा बदलायची वेळ आली तर हाडांच्या डॉक्टरांनाही हे सांगायचं, कारण दातांच्या काही सिमेंटमध्ये, हाडांच्या सिमेंटमध्ये याच घराण्यातली रसायनं असतात. पाचशे रुपयांच्या नखासाठी हे ओझं कुणावर येऊ नये. युरोपात २०२१ पासून हेमा असलेलं नखांचं उत्पादन फक्त प्रशिक्षित व्यावसायिकांनीच वापरायचं, आणि तसं बाटलीवर छापायचं, असा नियम आहे. टीपीओ नावाचा जेल पक्कं करणारा घटक तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच झाला. आपल्याकडे ऑनलाइन मागवलेला घरगुती किट कुणीही उघडतं. म्हणून बाटलीवर घटक वाचा, आणि घरी करायचंच असेल तर जेल कातडीला अजिबात लागू देऊ नका.

दिव्यातून अतिनील-ए किरण येतात. महिन्यातून एकदा काही मिनिटं हात घालण्याने घाबरून जाऊ नका, पण बोटांची टोकं कापलेले मोजे घाला किंवा वीस मिनिटं आधी हातांना सनस्क्रीन लावून या. नखांवर मात्र सनस्क्रीन लागू देऊ नका, जेल धरत नाही.

पेडिक्युरचा टब

२००० साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांना गळवं झाली. महिनोन्‌महिने बरी न होणारी. शोध घेतला तेव्हा बुडबुड्यांच्या टबाच्या जाळीमागे केस आणि कातडीचा थर साचलेला निघाला, त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचे जंतू वाढत होते. पेडिक्युरच्या आधी पायांवर रेझर फिरवलेल्यांना त्याचा धोका जास्त होता. तेव्हा लग्नाच्या आधी "एकाच दिवशी वॅक्सिंग, शेव्हिंग आणि पेडिक्युर" असा बेत करू नका. साधी प्लास्टिकची टोपली, जिच्यात दरवेळी नवी पिशवी घातली जाते, ती त्या महागड्या टबापेक्षा मला जास्त पटते.

टाचा ब्लेडने तासू देऊ नका. मधुमेह असेल तर अजिबात नाही. आई-काकूंना घेऊन जाल तेव्हा हे तुम्ही पुढे होऊन सांगा, त्या स्वतः बोलणार नाहीत.

पाचवी पायरी: घरी आल्यावर

पहिला दिवस हळदीपासून सांभाळा, विशेषतः फिकट रंग असतील तर. जेलवरही हळदीचा पिवळा डाग बसतो. हळदीकुंकू, लग्नाची हळद, मासे साफ करणं, यासाठी घरात हातमोजे ठेवा. पावसाळ्यात आणि रोज भांडी-धुणं असलेल्या हातांत जेल लवकर सुटतं. कड उचलली की तिच्याखाली पाणी शिरतं, आणि तिथे हिरवट डाग येऊ शकतो. तो बुरशीचाच असतो असं नाही, बहुधा ओलाव्यात वाढणाऱ्या जंतूंचा असतो. त्यावर नवा रंग चढवून झाकणारी नेल आर्टिस्ट दिसली तर हात काढून घ्या. जेल काढायचं, नख कोरडं ठेवायचं, डॉक्टरांना दाखवायचं.

कड उचलली तर ओढू नका. बारीक फायलरने गुळगुळीत करा आणि लवकरची वेळ घ्या. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त एकच सेट ताणू नका. ऑपरेशन किंवा बाळंतपणाची तारीख ठरली असेल तर आधी नखं मोकळी करून घ्या. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या क्लिपला गडद रंगाचा अडथळा होऊ शकतो, आणि नखाचा खरा रंगही डॉक्टरांना दिसायला हवा असतो.

काढताना

घरी जेल पॉलिश काढायचं असेल तर: वरची चमक फायलरने घासा. नखाभोवती व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. नखाएवढ्या कापसाला ॲसिटोन लावून नखावर ठेवा, फॉइलने गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग लाकडी काडीने हळूच सरकवा. न सरकेल तिथे परत कापूस, परत पाच मिनिटं. खरवडायचं नाही. शेवटी हात धुवून पुन्हा तेल.

हे करताना स्वयंपाकघरात बसू नका. आपल्या मुंबईच्या घरांत गॅस, देवघरातली समई आणि बसायची जागा यांत चार पावलांचं अंतर असतं. ॲसिटोन फार पटकन पेटतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली पसरत जाते. खिडकी उघडी, गॅस बंद, समई विझवलेली, मुलं दुसऱ्या खोलीत. लवकर निघावं म्हणून ॲसिटोनची वाटी गरम करणाऱ्या आहेत. ते कधीही करू नका.

हार्ड जेल आणि काही एक्सटेन्शन ॲसिटोनने निघतच नाहीत, ती फायलरनेच उतरवावी लागतात. ती घरी काढायच्या भानगडीत पडू नका.

बिघडलंच तर

बोट ठणकतं आहे, पू आहे, ताप आहे, लाली वर चढते आहे, तर पार्लरमध्ये परत न जाता डॉक्टरांकडे जा. मधुमेहींनी त्याच दिवशी. नखाभोवती, पापण्यांवर किंवा मानेवर खाज-पुरळ आलं तर तेही जेलचं असू शकतं, कारण आपण बोटांनी चेहऱ्याला हात लावतो. त्वचारोगतज्ज्ञांना "मी जेल लावते" हे आवर्जून सांगा.

कागद जपा: बिल, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, त्याच दिवशीचे नखांचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी. आधी पार्लरशी शांतपणे बोला. चांगली माणसं चूक मान्य करतात. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फी नाही. मालच संशयास्पद असेल, लेबलच नसेल, तर तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे.

हे काम करणाऱ्या मुलींसाठी

तुमच्यावर दराचा दबाव किती आहे ते मला माहीत आहे. बाजूचीने १९९ चा बोर्ड लावला की आपलाही हात पाटीकडे जातो. तरी वरचा हिशोब एकदा स्वतःच्या आकड्यांनी मांडा, रात्री, वहीत. दर कमी करायचाच असेल तर डिझाइन कमी करा, लांबी कमी करा, दुपारच्या रिकाम्या वेळेला सवलत द्या. हातमोजे, नवा फायलर आणि ऑटोक्लेव्ह यांना हात लावू नका. नायट्राइलचे मोजे घाला आणि जेल लागलं की बदला, कारण ही रसायनं त्यातूनही थोड्या मिनिटांत आरपार जातात. खिडकीशी बसा. धूळ उडते तेव्हा मास्क लावा. तुमची फुप्फुसं दिवसाचे आठ तास तिथे असतात, क्लायंट तासाभराने निघून जाते.

नाही म्हणायला शिका. हिरवं नख, सुजलेलं बोट, नुकतंच सोललेलं नख, यांवर जेल लावायचं नाही, दुप्पट पैसे दिले तरी. पहिल्यांदा नाही म्हणताना मला रात्रभर झोप लागली नव्हती. ती बाई पुढच्या महिन्यात तिच्या दोन जावांना घेऊन आली.

आणि प्रत्येक क्लायंटचं कार्ड ठेवा: तारीख, काय लावलं, बॅच नंबर, कुठला दिवा, किती वेळ, काही तक्रार. कुणाला पुरळ आलं तर कारण शोधायला तेवढाच आधार असतो. डोंबिवलीच्या त्या मुलीचंही कार्ड माझ्याकडे आहे. गौरीपासून दर महिन्याला ती येत होती, मी नख मोजून लिहीत होते. शेवटची नोंद होळीच्या आठवड्यातली: "मधलं बोट, नख टोकापर्यंत आलं. थोडं पातळ. जेल नाही, फक्त फायलिंग आणि तेल. ८० रुपये."